दुसरा तडा : पडलेल्या रंध्याची दुरुस्ती

हाताने चालवायचा लोखंडी रंधा उंचावरून पडला म्हणजे त्याचे जे नुकसान होते, ते दोन हप्त्यांत होते. पहिला हप्ता जमीन वसूल करते आणि दुसरा दुरुस्ती. पहिला एका क्षणात चुकता होतो आणि त्या क्षणी तो टाळणे कोणाच्याही हाती नसते. दुसरा मात्र पुढील काही तासांत किंवा दिवसांत, झटपट चिकटणाऱ्या गोंदाने, चुकीच्या वेल्डिंगने किंवा अनाठायी घासकामाने भरावा लागतो, आणि तो बहुधा पहिल्याहून महाग पडतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा हप्ता आहे. पडलेले हत्यार कसे तपासावे, त्याचा कोणता भाग घरी दुरुस्त करावा, कोणता कारागिराकडे न्यावा आणि कोणत्या भागाला हातच लावू नये, याचे विवेचन येथे केले असून, त्याच्या मुळाशी प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेल्या चुकांचा एक सलग अनुभव आहे.

बीड आणि फरशी

लाकडाच्या पृष्ठभागावरून पातळ पापुद्रे काढून तो सपाट व गुळगुळीत करणाऱ्या हत्यारास रंधा म्हणतात. हा शब्द फारसीतील ‘रंदा’ या शब्दावरून मराठीत आला आहे. गावच्या सुताराचा परंपरागत रंधा म्हणजे कठीण लाकडाचा एक ठोकळा, त्यात तिरके बसवलेले पाते आणि ते आवळून धरणारी लाकडी पाचर, एवढाच असे. हा सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करीत असल्यामुळे हत्याराला पडायला उंचीच मिळत नसे, आणि पडलेच तर ते सारवलेल्या जमिनीवर किंवा लाकडाच्या भुश्यात पडत असे. ठोकळ्याला फार तर खोक पडे, आणि तीही त्याच रंध्याच्या भावाने, म्हणजे दुसऱ्या रंध्याने, साफ करता येत असे.

आज सर्वत्र दिसणारा लोखंडी रंधा वेगळ्या परिस्थितीत घडला. अमेरिकेतील बॉस्टनच्या लेनर्ड बेली याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याची रचना विकसित केली आणि १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. तेव्हापासून ४ नंबर, ५ नंबर अशी मापे रूढ झाली, आणि आज भारतात तयार होणारे रंधेही बव्हंशी याच नमुन्याचे असतात. ४ नंबरचा रंधा साधारणपणे साडेनऊ इंच लांब असतो व त्याचे पाते दोन इंच रुंद असते. हा रंधा उभ्याने, कमरेच्या उंचीच्या बाकावर चालवण्यासाठी आहे, म्हणजेच त्याच्या वापराबरोबर त्याच्या पडण्याची उंचीही ठरून गेलेली आहे.

त्याचे शरीर बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असते. बिडाचा तवा हातातून निसटला तर फुटतो, हे मराठी घरांना सांगावे लागत नाही. परंतु तो का फुटतो हे माहीत असल्याखेरीज रंध्याची दुरुस्ती समजत नाही. बिडात शेकडा अडीच ते चार इतका कार्बन असतो आणि त्यातील बराचसा भाग ग्राफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपाने धातूत विखुरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बीड ओतायला सोपे जाते, कंपने शोषून घेते आणि घासून गुळगुळीत होते. पण ताण पडला की हेच पापुद्रे आधीच कापून ठेवलेल्या चिरांसारखे वागतात. त्यामुळे बीड दाबाला जितके टिकते, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकेच ते ताणाला टिकते, आणि ते वाकून इशारा न देता एकदम तडकते.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर या धातूची गाठ पडते ती आजच्या इमारतींतील फरशीशी. माजिवड्यापासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा असे करीत गायमुखापर्यंत जे टॉवर उभे आहेत, त्यांत हौशी सुतारकामाला जागा मिळते ती बाल्कनीत किंवा स्वयंपाकघराला जोडलेल्या ड्राय बाल्कनीत, आणि त्या जागेची जमीन व्हिट्रिफाइड टाइलची, म्हणजे काचेसारख्या घट्ट भाजलेल्या फरशीची असते. ती दबत नाही, धक्का शोषत नाही. तो सगळा पडणाऱ्या वस्तूला परत करते. ८५ सेंटिमीटर उंचीच्या बाकावरून पडणाऱ्या रंध्यात, बसून काम करणाऱ्या सुताराच्या हातातून वीतभरापेक्षाही कमी, म्हणजे १५ सेंटिमीटरवरून पडणाऱ्या त्याच वजनाच्या हत्याराच्या साडेपाच पटींहून अधिक ऊर्जा असते, कारण ही ऊर्जा उंचीच्या प्रमाणात वाढते. यावरून असा निष्कर्ष निघतो की या प्रकारच्या अपघाताला निष्काळजी हात जितका कारणीभूत असतो, तितकीच हत्यार, बाक आणि फरशी यांची एकमेकांशी न जुळणारी सोयरीकही असते.

प्रस्तुत प्रकरण

प्रस्तुत लेखकाचा ४ नंबरच्या मापाचा रंधा घोडबंदर रोडवरील एका सदनिकेच्या बाल्कनीत, ऐन जुलैमध्ये, बाकाच्या कडेवरून फरशीवर पडला. तीन गोष्टी मोडल्या. मागच्या लाकडी मुठीचा शेंडा तुटून पडला, पात्याच्या एका कोपऱ्याचा कपचा उडाला, आणि रंध्याच्या डाव्या भिंतीत तळाच्या फटीपासून वर जाणारा एक तडा गेला. ज्या फटीतून पाते तळाबाहेर डोकावते तिला रंध्याचे तोंड म्हणतात. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांशी धातूची रुंदी सर्वांत कमी उरत असल्याने या नमुन्याच्या रंध्यांना तडा बहुधा तेथूनच जातो.

त्यानंतर जे घडले ते क्रमाने नोंदवणे उपयुक्त आहे, कारण प्रत्येक पायरीवर चूक वेगळी होती. त्याच संध्याकाळी तडा किंचित उघडून त्यात झटपट चिकटणारा पातळ गोंद सोडण्यात आला. हा गोंद अशा सांध्याला काही क्षण धरून ठेवतो. परंतु रंध्याच्या पात्याला दाबून धरणारी कळ आवळली की त्याच ठिकाणी ताण पडतो, आणि ती आवळताच तडा पुन्हा उघडला. या प्रयत्नाचा परिणाम एवढाच झाला की तुटलेल्या धातूचे स्वच्छ, रवाळ पृष्ठभाग गोंदाने माखले गेले आणि पुढील प्रत्येक दुरुस्ती अवघड झाली.

चार दिवसांनी रंधा खिडक्यांच्या जाळ्या व लोखंडी दरवाजे बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नेण्यात आला. तेथील कारागिराने रोजच्या सवयीने साध्या पोलादाची कांडी लावून आर्क वेल्डिंग केले. वेल्डिंग दिसायला नीटनेटके होते, पण रंधा थंड होत असताना ‘टिक्’ असा बारीक आवाज आला, आणि वेल्डिंगच्या रेषेलगत, तिला समांतर असा दुसरा तडा दिसू लागला. या प्रसंगी त्या कारागिराला दोष देणे न्याय्य होणार नाही, कारण हा धातू बीड आहे हे त्याला सांगण्यात आले नव्हते, आणि रंगाखाली झाकलेले बीड व पोलाद पाहताक्षणी ओळखू येत नाहीत.

त्यामागील कारण असे की वितळलेल्या कांडीचे पोलाद बिडातील कार्बन शोषून घेते, आणि आजूबाजूचा थंड धातू ती उष्णता झपाट्याने ओढून घेत असल्यामुळे सांध्याच्या काठावर काचेसारखा ठिसूळ आणि अतिशय कठीण पट्टा तयार होतो. मधले वेल्डिंग थंड होताना आकसते आणि हा पट्टा ओढला जातो. त्याला ताणता येत नसल्याने तो तडकतो. या पट्ट्यावर कानस चालवून पाहिली असता ती कापण्याऐवजी नुसती घसरत होती, आणि ती खूण पुरेशी बोलकी होती. शिवाय एकाच बाजूला उष्णता दिल्यामुळे रंध्याचा तळही वाकला होता.

अखेरीस वागळे इस्टेटमधील एका जुन्या यंत्रदुरुस्तीच्या कारखान्यात, चुकीचे वेल्डिंग घासून काढून, पितळेने जोड देण्यात आला. रंधा वाचला, पण घासकामात तोंडाजवळचा धातू गेल्यामुळे तोंड रुंद झाले, आणि लाकडावर अखेरचा गुळगुळीत हात फिरवण्याचे जे काम हा रंधा करीत असे, ते त्याच्याकडून काढून घ्यावे लागले. पाते कापीत असताना तोंडाची पुढची कड लाकडाचे तंतू दाबून धरते. ती पात्यापासून दूर गेली की तंतू कापले जाण्याऐवजी उचकटतात. फरशीने केलेल्या नुकसानीत या रंध्याची पदावनती नव्हती. ती दुरुस्तीने केली.

तपासणी

पडलेल्या रंध्याच्या दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे त्या दिवशी काहीही न जोडणे. तुटलेला प्रत्येक तुकडा, लाकडाची चीपही, शोधून एका डबीत ठेवावा आणि तुटलेल्या कडा एकमेकींवर दाबून पाहण्याचा मोह आवरावा, कारण बिडाच्या तुटक्या पृष्ठभागावरील रवे एकमेकांत अचूक बसतात आणि वारंवार घासल्याने ते झिजतात. घोडबंदर रोडच्या एका अंगाला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी असल्यामुळे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की उघडा पडलेला धातू एका रात्रीत तांबूस होऊ शकतो. म्हणून तुकडे कोरडे पुसून हवाबंद डब्यात ठेवावेत. तड्याला मात्र तेल लावू नये, कारण तेल ग्राफाइटच्या पापुद्र्यांत शिरते आणि पुढे पितळेला धातूवर पसरू देत नाही.

दुसऱ्या दिवशी रंधा पूर्ण सुटा करावा. पाते, पात्यावर बसणारे व पापुद्रा मोडणारे दुसरे पाते म्हणजे कॅप आयर्न, या दोहोंना दाबून धरणारी लिव्हर कॅप, आणि पाते ज्या उतरत्या बैठकीवर टेकते ती फ्रॉग नावाची बैठक, हे भाग वेगळे करून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पाहावा. फ्रॉगच्या मागे पाते खालीवर करणारे पितळी चाक असते. बहुतेक रंध्यांत त्याचे आटे उलटे, म्हणजे डावीकडे आवळणारे असतात, त्यामुळे ते सोडवताना जोर लावण्यापूर्वी दिशा तपासावी. हे चाक ज्या दुभंगलेल्या लहान काट्याला हलवते, तो काटाही पुष्कळदा बिडाचाच असतो आणि पडल्यावर मोडलेला सापडतो. तो जोडण्यात वेळ न घालवता बदलणे श्रेयस्कर असते.

डोळ्यांना न दिसणारा तडा शोधण्याच्या दोन पद्धती विश्वसनीय आहेत. पहिली आवाजाची. कुंभाराकडून माठ घेताना बायका बोटाच्या सांध्याने तो वाजवून पाहतात, त्याच न्यायाने रंध्याचे मोकळे शरीर दोरीने टांगून लाकडी दांडीने हलकेच वाजवावे. अखंड बीड घुमते, तडकलेले बद्द वाजते. दुसरी पद्धत खडूची. संशयित जागी रॉकेल किंवा तत्सम पातळ द्रव लावून काही मिनिटांनी ती जागा कोरडी पुसावी आणि वर खडूची भुकटी चोळावी. तड्यात शिरलेला द्रव हळूहळू बाहेर येतो आणि पांढऱ्या भुकटीवर ओलसर रेघ उमटते. या रेघेची दोन्ही टोके खुणेने नोंदवून ठेवावीत, कारण पुढील कामात त्यांचीच गरज असते. रॉकेल लावलेली जागा जोडकामापूर्वी पूर्णपणे तेलमुक्त करणे अर्थातच आवश्यक आहे.

धातू बीड आहे की पोलाद, हे ठरवण्यासाठी चुंबकाचा उपयोग होत नाही, कारण तो दोघांनाही चिकटतो. न दिसणाऱ्या जागी कानस फिरवून पाहावी : बिडाचा कीस काळसर, भुकटीसारखा पडतो आणि बोटाला पेन्सिलीसारखा डाग लावतो, तर पोलादाची बारीक, चकाकती कात्रणे निघतात. ग्राइंडरवर धरल्यास बिडाच्या ठिणग्या आखूड व लालसर, आणि साध्या पोलादाच्या लांब व पिवळट पांढऱ्या पडतात. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, आणि प्रस्तुत प्रकरणातील सर्वांत महाग चूक तिने टळली असती.

घरी करण्याजोगी कामे

पात्याचा कपचा उडाला असल्यास घाबरण्याचे कारण नसते, कारण पाते हा मुळातच झिजण्यासाठी असलेला भाग आहे. कपच्याच्या खोलीच्या किंचित मागे गुण्याने काटकोनातील रेघ मारून तेथपर्यंत धार सरळ घासून काढावी आणि मग नवा उतार सुमारे २५ अंशांत काढून अखेरची धार ३० अंशांच्या आसपास लावावी. ग्राइंडर वापरल्यास पाते पाण्यात वारंवार बुडवावे, कारण साध्या कार्बन पोलादाचे पाते तापून त्यावर निळा रंग चढला म्हणजे त्याचा पाणीदारपणा, म्हणजे ताव देऊन आणलेला कठीणपणा, त्या जागी गेलेला असतो, आणि तो निळा भाग संपूर्ण घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. हाताला चटका बसण्याआधी थांबणे हा नियम येथे पुरेसा आहे.

मुठीच्या बाबतीत तुटलेल्या कडा पॉलिश पेपरने घासू नयेत, कारण त्यांचा खडबडीतपणाच जोड अचूक बसवतो. आधी कोरडा जोड बसवून पाहावा, मग दोन भाग एकत्र करून बनवायचा मंद इपॉक्सी गोंद दोन्ही कडांना पातळ लावावा, मुठीतून जाणाऱ्या सळईला मेण चोळावे म्हणजे ती आत चिकटणार नाही, आणि जोड रबराच्या पट्ट्यांनी आवळून पूर्ण २४ तास ठेवावा. जोड टिकला तरी मूठ पुन्हा तुटू शकते, जर ती सैल राहिली. पावसाळ्यात फुगलेले लाकूड हिवाळ्यात आकसते आणि सळई आवळूनही मूठ डुलत राहते, तेव्हा सळईच्या डोक्याखाली पातळ वायसर घालावा. नवी मूठ करायची झाल्यास शिसव किंवा बाभळीचे लाकूड घ्यावे आणि लाकडाच्या रेषा तळाशी समांतर ठेवाव्यात. जुन्या अमेरिकी रंध्यांच्या सळईवर इंचाला २० आटे असलेले, आता दुकानात सहसा न मिळणारे माप असते. तेथे मिलिमीटरचा बोल्ट जोराने फिरवणे म्हणजे बिडातील आटे कायमचे गमावणे होय. असा सुटा भाग मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात दुसऱ्या मोडक्या रंध्यावरून मिळवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

बिडाचा तडा

शरीरालाच तडा गेला असेल तर प्रथम तो कोठे आहे हे पाहावे. मागच्या टोकाला, मुठीच्याही पलीकडे गेलेला लहान तडा, तो पुढे सरकत नसेल तर, तसाच सोडला तरी रंधा पुष्कळ वर्षे काम देतो. त्याच्या टोकाशी ३ मिलिमीटरचे एक छिद्र पाडले म्हणजे पुरते, कारण तड्याच्या सुईसारख्या टोकाशी एकवटलेला ताण छिद्राच्या गोलाईवर पसरतो आणि तड्याची वाट बंद होते. तोंडापासून भिंतीत चढलेला तडा मात्र जोडावाच लागतो.

येथे योग्य पद्धत ब्रेझिंगची, म्हणजे पितळी जोडकामाची होय. सोनार डाख देतो त्याच जातीची ही क्रिया असून तीत मूळ धातू वितळवला जात नाही. बीड साधारण ११५० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, तर जोडासाठी वापरायची पितळेची कांडी ९०० अंशांच्या आसपासच पातळ होते, त्यामुळे पितळ बिडावर पसरून, त्याला धरून बसते आणि काचेसारखा ठिसूळ पट्टा तयार होण्याचा धोका पुष्कळच कमी होतो. पितळ स्वतः थोडे ताणले जात असल्याने आकसण्याचा ताणही तेच सोसते.

कामाचा क्रम असा ठेवावा. तड्याच्या दोन्ही टोकांशी छिद्रे पाडावीत. तड्यावर बाहेरील बाजूने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच काढावी, मात्र आतील अंगाला थोडा तुटका काठ शिल्लक ठेवावा, म्हणजे दोन भाग मूळ जागी अचूक बसवता येतील. रंध्याची भिंत ३-४ मिलिमीटरच जाड असल्यामुळे ही खाच उथळ असावी. ॲसिटोनने तेल व गोंद काढावा. त्यानंतर रंध्याचा तळ जाड, सपाट पोलादी पाटावर हलकेच बांधावा आणि ज्वाळा एकाच जागी न धरता संपूर्ण शरीर सावकाश तापवावे, कारण एकीकडे तापलेले व दुसरीकडे थंड राहिलेले बीड स्वतःच स्वतःला ओढून तोडते. टाकणखार किंवा तयार फ्लक्स लावून पितळ भरावे. टाकणखाराचे काम तापलेल्या धातूवरचा गंज-थर विरघळवून पितळेला वाट देणे हे असते. जोड झाल्यावर रंधा पंख्याखाली किंवा पाण्यात न नेता कोरड्या चुन्याच्या भुकटीत, राखेत किंवा वाळूत पुरून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीच बाहेर काढावा.

विजेच्या वेल्डिंगचा आग्रहच असेल तर निकेलची कांडी वापरावी, एका वेळी इंचभरच टाका घालावा, तो गरम असतानाच हातोडीने हलके ठोकून ताण मोकळा करावा आणि हात लावता येईल इतके थंड झाल्यावरच पुढचा टाका घ्यावा. परंतु इतक्या पातळ भिंतीला ब्रेझिंगच अधिक मानवते. यांपैकी कोणतेही काम बाल्कनीत करू नये. गॅसची ज्वाळा आणि सदनिकेतील पडदे यांचा शेजार धोक्याचा असतो. शिवाय तापलेल्या पितळेतून जस्ताचा धूर निघतो आणि तो बंदिस्त जागेत श्वासावाटे गेल्यास थंडीतापासारखा त्रास होतो.

ठाणेकरांना यासाठी दूर जावे लागत नाही. वागळे इस्टेट आणि डोंबिवलीची एमआयडीसी येथे यंत्रांचे बिडाचे भाग दुरुस्त करणारे कारागीर आढळतात. त्यांच्याकडे जाताना रंध्याबरोबर एक चिठ्ठी द्यावी : धातू बीड आहे, तळ सपाट राहायला हवा, पितळेने ब्रेझ करायचे आहे, साध्या पोलादाची कांडी नको. कारागिराचे कौशल्य कमी लेखण्यासाठी ही चिठ्ठी नसते. दिवसभर मोठ्या यंत्रांचे भाग हाताळणाऱ्या माणसाला दोन किलोंहून हलक्या हत्यारात तळाच्या सपाटीला इतके महत्त्व असते, हे ठाऊक असेलच असे नाही, आणि ते सांगण्याची जबाबदारी हत्याराच्या मालकाची असते. कारागिराने नकार दिला तर तोही सल्ला म्हणून स्वीकारावा.

तळाची सपाटी

जोड झाल्यावर तळ थोडा वाकलेला निघेल, असे गृहीत धरावे. तो सपाट करण्यासाठी जाड काच किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा सपाट तुकडा उत्तम. नव्या इमारतींच्या घोडबंदर पट्ट्यात असा तुकडा मिळवायला फारसे कष्ट पडत नाहीत. त्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, मग १२० आणि २२० नंबरने घासत जावे. घासताना पाते आत ओढून ठेवावे, पण लिव्हर कॅप नेहमीच्या दाबाने आवळलेली असावी, कारण तिच्या दाबाने शरीर अत्यल्प वाकते आणि जी सपाटी हवी ती वापराच्या स्थितीतील हवी. तळावर मार्करने आडव्यातिडव्या रेघा मारल्या म्हणजे कोठला भाग अजून टेकत नाही हे दिसते. संपूर्ण तळ आरशासारखा होण्याची गरज नसते. पुढचे टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचे टोक एका पातळीत आले की थांबावे. या टप्प्यावर हौशी माणूस हटकून पुढे जातो आणि प्रत्येक रेघ पुसण्याच्या नादात भिंती पातळ व तोंड रुंद करून बसतो. प्रस्तुत रंध्याच्या तोंडातून गेलेला काही धातू या हौसेच्या खात्यावरही मांडावा लागतो.

दुरुस्ती करावी की नाही

प्रत्येक पडलेला रंधा दुरुस्त करण्यालायक असतोच असे नाही. तोंडाच्या दोन्ही बाजूंना तडे गेले असतील किंवा फ्रॉगची बैठकच फुटली असेल, तर ते शरीर बाजूला ठेवून पाते, लिव्हर कॅप, चाक आणि मूठ हे भाग पुढील गरजेसाठी जपावेत. हत्यार वडिलोपार्जित असेल तर निर्णय वेगळा होईल, आणि तसा तो व्हावाही. पण अशा वेळी आपण कामासाठी दुरुस्ती करीत आहोत की आठवणीसाठी, हे आधी स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे, कारण आठवणीसाठी ठेवायच्या रंध्याचा तळ घासण्याचे आणि काळा रंग उडवण्याचे काहीच कारण नसते.

पुन्हा पडू नये म्हणून

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत आणि ते सर्व जमीन व उंची या दोन मूळ कारणांवर चालतात. बाकाच्या पुढे काथ्याची किंवा जाड रबराची चटई अंथरावी. काम नसताना रंधा बाकाच्या मागच्या कडेला, भिंतीलगत ठेवावा, पुढच्या कडेवर कधीच नाही. आणि बाकाच्या पुढच्या कडेला, काम करताना काढून ठेवता येईल अशी, दोन बोटे उंच लाकडी पट्टी बसवावी.  बारीक काम शक्य तेव्हा जमिनीवर बसून करण्याची जुनी रीतही पुन्हा आजमावण्याजोगी आहे, कारण तीत हत्याराच्या सुरक्षिततेची सोय आपोआप साधलेली होती.

प्रस्तुत प्रकरणातील रंधा आजही वापरात आहे. त्याच्या डाव्या भिंतीवर बोटभर रुंद पिवळी रेघ आहे, जी योग्य वेळी योग्य माणसाकडे गेली असती तर दोऱ्याएवढी राहिली असती. तो आता केवळ ओबडधोबड सपाटीची कामे करतो. दुरुस्तीनंतर त्याने तासलेले पहिले लाकूड म्हणजे त्याच बाकाच्या पुढच्या कडेला बसवायची सागवानी पट्टी होती. तंतू उचकटल्याच्या खुणा तिच्यावर जागोजागी दिसतात, आणि त्या पॉलिश पेपरने पुसून टाकलेल्या नाहीत.